‘सब’ आणि ‘उप’ : एका उपसर्गाची कुळकथा

‘उपसर्ग’ या शब्दाचे मराठीत दोन संसार आहेत. व्याकरणाच्या पुस्तकात शब्दाच्या आरंभी लागून त्याचा अर्थ फिरविणाऱ्या अक्षरांना उपसर्ग म्हणतात; घरात मात्र ‘धुराचा उपसर्ग होतो’, ‘शेजारच्या ध्वनिक्षेपकाचा उपसर्ग होतो’ असे म्हणताना तोच शब्द उपद्रवाचा वाचक होतो. सरकारी नोकरीतील माणसाला या दोन अर्थांत फारसे अंतर वाटू नये. त्याच्या पदनामाच्या आधी सब, डेप्युटी, असिस्टंट, अंडर, जॉइंट, अ‍ॅडिशनल असे जे काही लागलेले असते, त्यावर त्याचे वेतन, त्याची खुर्ची आणि पुष्कळदा सोयरीक जुळविताना त्याच्या घराचे वजनही अवलंबून असते. यांतील काही व्याकरणदृष्ट्या स्वतंत्र शब्द आहेत; पण पदनामात त्यांचे काम उपसर्गाचेच. तो एक उपसर्ग गळून पडावा म्हणून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहतात, आणि कित्येकांच्या बाबतीत तो निवृत्तीबरोबरच गळतो.

या सर्वांत ‘सब’ हा सर्वांत छोटा आणि सर्वांत उद्योगी. सब-रजिस्ट्रार, सब-इन्स्पेक्टर, सब-डिव्हिजन, सब-कमिटी, सब-सेक्शन. कचेरीचा एक दिवस त्याच्यावाचून जात नाही. ‘सब’ परका आणि त्याच्या जागी आपण बसविलेला ‘उप’ आपला, असे आपण धरून चालतो. वस्तुतः हे दोघे एकाच घरचे आहेत. शिवाय मराठीने या कामासाठी आणखी तीन-चार शब्द वेळोवेळी वापरले आणि त्यांतील एक तर तिच्या स्वतःच्या पोटचा आहे. या सर्वांची कुळकथा पाहिली म्हणजे हाताखालचा माणूस म्हणजे नेमका कोण, या प्रश्नाची वेगवेगळ्या काळांनी दिलेली उत्तरे हाती लागतात.

ही कथा एका परगावी नेमणूक झालेल्या सरकारी नोकरापासूनच सुरू करता येते. सर विल्यम जोन्स हे कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून इंग्लंडातून आले होते. न्यायासनावरून उठल्यावर ते पंडितांकडे संस्कृत शिकत. २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात त्यांनी सांगितले की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतील साम्य योगायोगाने घडणारे नाही. त्या एकाच, कदाचित आता लुप्त झालेल्या, मूळ भाषेपासून निघाल्या असल्या पाहिजेत. पुढच्या पिढ्यांतील पंडितांनी हे साम्य ध्वनीच्या नियमांत बांधले. त्या नियमांनी पाहता संस्कृतातील ‘उप’, ग्रीकमधील ‘हुपो’ आणि लॅटिनमधील ‘सब’ हे एकाच मूळ शब्दाचे तीन अवतार ठरतात. लॅटिनमध्ये आरंभीचा ‘स’ मागाहून चिकटला. ‘मधून’ किंवा ‘पासून’ या अर्थाच्या एका शब्दाचा तो अवशेष असावा, असे विद्वान मानतात. इंग्रजीने ‘सब’ लॅटिनकडून उसना घेतला. पण तिच्या स्वतःच्या घरातही या कुळातला एक शब्द आधीपासून नांदत होता. तो म्हणजे ‘वर’ या अर्थाचा ‘अप’!

येथे वाचक थबकेल. ‘सब’ म्हणजे खाली आणि ‘अप’ म्हणजे वर. हे दोघे भाऊ कसे? त्याचे उत्तर असे की, मूळ शब्दाचा अर्थ ‘खाली’ असा स्थिर नव्हता. खालून वर येत एखाद्या वस्तूला जाऊन भिडणे, तिच्या जवळ येणे, अशी त्यात गती होती. त्या गतीचे आरंभस्थान ज्यांनी धरले त्यांना ‘खाली’ मिळाले, दिशा ज्यांनी धरली त्यांना ‘वर’ मिळाले आणि शेवटचा मुक्काम ज्यांनी धरला त्यांना ‘जवळ’ मिळाले. याच शब्दाला एक प्रत्यय लागून संस्कृतात ‘उपरि’, ग्रीकमध्ये ‘हुपेर’, लॅटिनमध्ये ‘सुपर’ आणि इंग्रजीत ‘ओव्हर’ झाले. रक्तदाब ‘हायपर’ आहे की ‘हायपो’, असे डॉक्टर सांगतात तेव्हा तो उपरि आहे की उप, एवढेच ते सांगत असतात. आणि कचेरीत सुपरिंटेंडेंटसाहेबांच्या मेजासमोर कोणी ‘सब’ उभा असतो तेव्हा एकाच मुळाचे दोन अंकुर समोरासमोर आलेले असतात.

संस्कृताने या तिहींतून ‘जवळ’ हा अर्थ मुख्यत्वेकरून जपला. गुरूच्या जवळ नेणे ते उपनयन, जवळ बसणे ती उपासना, गुरूपाशी बसून मिळवावयाची विद्या ते उपनिषद. एकादशीला आपण जो उपवास करतो त्याचाही धात्वर्थ जवळ राहणे असाच आहे. साबुदाण्याशी त्याचा संबंध फार मागाहूनचा. प्रादिगणातील बावीस उपसर्ग लहानपणी ज्यांनी पाठ केले असतील त्यांना आठवेल की ‘प्र’पासून सुरू होणारी ती माळ ‘उप’पाशी संपते. पाणिनीने या ‘उप’चा आणखी एक विशेष नोंदविला आहे. नामाशी संबंध दाखविताना तो कमीपणाही दाखवितो आणि अधिकपणाही. एकच शब्द हीनाचा आणि अधिकाचाही वाचक व्हावा, हे वरच्या कुळकथेशी चांगले जुळते.

दुय्यमपणाचा अर्थ संस्कृतात नाही असे मात्र नाही. उपवेद, उपपुराण, उपपातक या शब्दांत तो स्पष्ट आहे. राज्यकारभारातही ‘उप’ जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकारी अधिकाऱ्याला ‘युक्त’ आणि त्याच्या हाताखालच्याला ‘उपयुक्त’ म्हटले आहे. आज ‘उपयुक्त’ म्हणजे कामास येणारा. ज्याच्या हाती कचेरीचे खरे काम असते त्याला हा शब्द कौटिल्याच्या काळीही शोभला असेल. गुप्तकाळात बंगालमधील दामोदरपूरच्या ताम्रपटांत प्रांताच्या अधिपतीला ‘उपरिक’ अशी संज्ञा येते. म्हणजे ‘उप’ आणि ‘उपरि’ हे दोघे भाऊ इंग्रजांचा ‘सब’ आणि ‘सुपर’ येण्यापूर्वी शतकानुशतके आपल्या दप्तरांत वावरत होते.

आता लॅटिनकडे वळू. तेथे ‘सब’मध्ये ‘खाली’ हा अर्थ प्रबळ झाला, तरी ‘जवळ’ पुरता पुसला गेला नाही. ‘सबर्ब’ या शब्दात तो अजून दिसतो. नगराच्या तटाखाली, तटाला लागून वसलेली वस्ती ती सबर्ब; आपण तिला ‘उपनगर’ म्हणतो आणि न कळत मूळ शब्दाचा उपसर्ग जसाच्या तसा परत आणतो. १९९० मध्ये निर्माण झालेल्या ‘मुंबई उपनगर’ जिल्ह्याच्या नावात तो आहे आणि येथे बंगळूरमध्ये ‘केंगेरी उपनगर’ अशी कानडी पाटी लावून धावणाऱ्या बसवरही आहे. ‘सब’ पुष्कळदा वेष पालटूनही येतो. पुढच्या व्यंजनाशी मिळून तो कधी ‘सप’ होतो, कधी ‘सक’, कधी ‘सस’. सपोर्ट म्हणजे खालून वाहून धरणे. सक्सेस म्हणजे मुळात मागोमाग जवळ येणे. यशाचा अर्थ नंतरचा. आणि सस्पेंड म्हणजे खाली लोंबत ठेवणे. त्याला आपण ‘निलंबन’ हा प्रतिशब्द योजला, त्यातही ‘लंब्’ म्हणजे लोंबणे हाच धातू आहे. निलंबित माणसाची अवस्था रोमन आणि हिंदू या दोघांनाही सारखीच दिसली, असे म्हणावयाचे.

या वेषांतरांत सर्वांत मोठा इतिहास दडला आहे तो ‘सबसिडी’ या शब्दात. रोमन सैन्यात लढणाऱ्या रांगांच्या पाठीमागे राखीव तुकडी सज्ज ठेवीत. वेळ पडल्यास उठून मदतीस धावणे हे तिचे काम. या मदतीला ‘सब’ आणि ‘बसणे’ या अर्थाचा ‘सेद्’ धातू मिळून ‘सुबसिदियुम’ असे नाव पडले. संस्कृतातील ‘सद्’ हा त्या धातूचा सख्खा भाऊ. तेव्हा ‘सबसिडी’ आणि ‘उपनिषद’ यांतील उपसर्ग एक आणि धातूही एकच! एकाने जवळ बसून ब्रह्मविद्या मिळविली, दुसऱ्याने पाठीमागे बसून लढाईची वाट पाहिली. आणि आज त्याच्या नावाने आपण गॅसच्या टाकीवर किती रुपये सुटतात ते विचारतो.

हा शब्द हिंदुस्थानात आला तो मात्र गॅसच्या टाकीसाठी नव्हे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला आणि वडियार घराण्यातील बालराजाला गादीवर बसवून इंग्रजांनी त्याच्याशी जो तह केला तो ‘सबसिडियरी’ पद्धतीचा होता. म्हैसूरच्या रक्षणासाठी कंपनीची फौज राहावयाची आणि तिच्या खर्चासाठी राज्याने दरसाल ७ लाख होन द्यावयाचे. पाठीमागे बसणारी राखीव तुकडी ती हीच. फरक इतकाच की येथे ती मदतीसाठी बसली नव्हती, उरावर बसली होती. ही फौज श्रीरंगपट्टणाहून १८०९ मध्ये बंगळूरला आली आणि जुन्या पेठेच्या ईशान्येस तिची छावणी वसली. आज ज्याला आपण कँटोन्मेंट म्हणतो त्या अर्ध्या शहराचे जन्मकारण हे असे एका उपसर्गात सापडते. पेठ आणि छावणी या दोन स्वतंत्र नगरपालिकांचे मिळून एक महानगरपालिका झाली ती १९४९ साली. दोन्ही भागांतील रस्त्यांची, दुकानांची आणि बोलीची तऱ्हा अजूनही निराळी वाटते.

मराठ्यांच्या वाट्याला हा शब्द ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने आला. दुसऱ्या बाजीरावाने त्या दिवशी जी फौज पदरी बांधून घेतली तिला मराठीने ‘तैनाती फौज’ म्हटले. या भाषांतराचे मला नेहमी कौतुक वाटते. भाषांतरकाराने ‘सब’चा अर्थ कोशात शोधला नाही, वस्तू काय आहे हे पाहिले. कोणाच्या तरी दिमतीस नेमून दिलेली फौज, असे त्याने तिचे वर्णन केले. ती कोणाच्या तैनातीत होती हे पुढे सोळा वर्षांत पुण्याला कळून चुकले.

छावणी बसण्यापूर्वी पाऊणेदोनशे वर्षे याच बंगळुरात मराठी दप्तर नांदत होते, हे येथे नेमणुकीवर येणाऱ्या मराठी माणसाने विसरू नये. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांचे कारभारी नारायण त्रिमल हणमंते. त्यांचे पुत्र रघुनाथपंत कर्नाटकच्या कारभारात मुरले, पुढे व्यंकोजीराजांचे कारभारी झाले आणि त्यांच्याशी न पटल्यावर शिवछत्रपतींकडे गेले. महाराजांच्या आज्ञेने फारसी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय देणारा जो ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध झाला त्याच्याशी या रघुनाथपंतांचे नाव निगडित आहे. राजवर्गापासून पण्यवर्गापर्यंत दहा वर्गांत त्याची मांडणी आहे. कर्नाटकात कारभार केलेल्या माणसाच्या हातून हे कार्य व्हावे यात मला औचित्य दिसते. फारसी, कानडी, मराठी आणि संस्कृत या चार भाषा ज्याच्या कानावरून रोज जातात त्यालाच कोणता शब्द कोठून आला याची चाड उत्पन्न होते.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती. ‘सरनोबत’मधील ‘सर’ हा ‘उप’च्या अगदी उलट टोकाचा उपसर्ग. सरदेशमुख, सरलष्कर, सरकारकून या सर्वांत तो मुख्यपणा दाखवितो. फारसी ‘सर’ म्हणजे डोके. तोही आपल्या ‘शिरस्’चा भाऊच आहे. मग हाताखालच्या माणसाला मराठेशाहीत काय म्हणत? शब्द तीन होते. पहिला ‘नायब’, म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम करणारा. या अरबी शब्दाचे आदरार्थी अनेकवचन ‘नव्वाब’. त्यावरूनच आपला नबाब. बादशहाचे हाताखालचे लोक मालक होऊन बसले ही हकीकत त्या एका अनेकवचनात साठविलेली आहे. दुसरा ‘मुतालिक’. प्रतिनिधी, सचिव यांसारख्या बड्या पदाधिकाऱ्यांच्या वतीने शिक्कामोर्तब करून प्रत्यक्ष कारभार पाहणारा तो मुतालिक. आज तो बेळगाव-धारवाडकडच्या घराण्यांच्या आडनावात उरला आहे. तिसरा ‘दुय्यम’, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा. फारसीतील ‘दुयुम’ आणि संस्कृतातील ‘द्वितीय’ पुन्हा एकाच घरचे. या तिन्ही शब्दांकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की यांतील एकाचाही अर्थ ‘खालचा’ असा नाही. एक जागेवरचा, दुसरा अखत्यार असलेला, तिसरा क्रमाने दुसरा. हाताखालच्या माणसाचे वर्णन त्याच्या कामावरून होत होते, उंचीवरून नव्हे.

इंग्रजी राज्याबरोबर ‘सब’ आला तो उंची मोजण्याची पट्टी घेऊन. इंग्रजी कारभाराची रचना शिडीसारखी होती आणि तिच्या प्रत्येक पायरीला नाव हवे होते. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख इनाम कमिशनच्या कामावर नेमले गेले ते ‘सब-असिस्टंट’ म्हणून. साहाय्यकाच्याही खालचे, असे दुहेरी खालपण एकाच पदनामात. महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यास आले ते ‘सबजज्ज’ म्हणून. तथापि या दोघांपाशी जी माणसे सल्ल्यासाठी येऊन बसत ती पदनाम पाहून येत नव्हती. रानड्यांच्या त्या सबजज्जाच्या घरातून महाराष्ट्राच्या निम्म्या सार्वजनिक संस्थांचे सूत्रचालन झाले.

हे पदनाम किती सापेक्ष असते याचे नामी उदाहरण म्हणजे ‘डेप्युटी’. महाराष्ट्रातून कर्नाटकात बदली होऊन आलेल्या माणसाचा पहिल्या आठवड्यात येथे हमखास घोटाळा होतो. आपल्याकडे जिल्ह्याचा प्रमुख कलेक्टर आणि डेप्युटी कलेक्टर त्याच्या पुष्कळ खालचा. येथे जिल्ह्याचा प्रमुखच डेप्युटी, म्हणजे डेप्युटी कमिशनर. याचे कारण इतिहासात आहे. १८३१ मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार हाती घेतला आणि १८८१ पर्यंत तो कमिशनरच्या द्वारे चालविला. सारे राज्यच जेथे एका कमिशनरकडे, तेथे जिल्ह्याचा अधिपती साहजिकच त्याचा डेप्युटी. कमिशनर गेले, राजे गेले. डेप्युटी मात्र राहिला. उपसर्गाची किंमत तो कोणाच्या नावाला लागला आहे यावर ठरते, हे यावरून दिसावे.

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहिण्याचा मोह झाला त्याकडे येतो. ‘सब’चे भाषांतर करण्याची वेळ आली तेव्हा मराठीने संस्कृतकडे किंवा फारसीकडे न पाहता काही ठिकाणी स्वतःच्या शरीराकडे पाहिले आणि ‘पोट’ हा शब्द उचलला. सब-सेक्शन ते पोटकलम, सब-रूल तो पोटनियम, सब-टेनंट तो पोटभाडेकरू, सब-कास्ट ती पोटजात. जमिनीच्या एका सर्व्हे नंबराचे वाटे पडले की ते पोटहिस्से आणि त्या नंबरातील लागवडीस अयोग्य तेवढा भाग तो पोटखराबा. कर्नाटकातील पहाणीच्या उताऱ्यात ‘फूट खराब’ म्हणून असेच क्षेत्र दाखवितात; बंगळुरात भूखंड घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द पाठ असतो आणि मराठी कानाला त्यात ‘पोट’ ऐकू आल्यावाचून राहत नाही. पोटनिवडणूक हा शब्दही याच घडणीचा.

‘पोट’ने काय साधले ते पाहा. पोटकलम हे कलमाच्या खाली नसते, जवळही नसते. ते कलमाच्या आत असते. पोटहिस्सा मूळ नंबराच्या पोटात असतो. लॅटिनने ‘खाली’ पाहिले, संस्कृताने ‘जवळ’ पाहिले, फारसीने ‘दुसरा’ पाहिला. मराठी कुणब्याने आणि कुलकर्ण्याने ‘आत’ पाहिले, कारण जमिनीची वाटणी त्यांच्या डोळ्यांसमोर होत होती. शेजारच्या कानडीलाही हेच सुचले आहे. पोटपंथाला ती ‘ओळपंगड’ म्हणते आणि ‘ओळ’ म्हणजे आत. संस्थेच्या घटनेची किंवा कायद्याची मराठी प्रत उघडली तर एकाच वाक्यात ‘पोटकलम’ आणि ‘उपखंड’ शेजारी शेजारी सापडतात. कलमाला पोट आणि खंडाला उप. शब्दांच्या जातीकुळीला साजेशी ही जुळणी कोणी ठरवून केली असो वा ओघाने झाली असो, कानाला ती खटकत नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले आणि १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला. इंग्रजी पदनामांच्या जागी मराठी पदनामे बसविण्याचा तो पद्धतशीर प्रयत्न होता. आचार्य अत्रे यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून जी टर उडविली ती अजूनही लोकांच्या तोंडी आहे. टीकेत तथ्य होतेच. संस्कृतचा भार काही ठिकाणी फार झाला. परंतु त्या टीकेने हसलेले लोकच पुढे अधीक्षक, संचालक, निरीक्षक, आयुक्त हे शब्द सहज बोलू लागले, हेही नमूद केले पाहिजे. शब्द प्रथम हास्यास्पद वाटतो, मग सवयीचा होतो आणि शेवटी तो कोणी घडविला होता याची आठवणही उरत नाही.

‘सब’च्या बाबतीत मात्र या व्यवस्थेने एक सरसकट न्याय केला. सब, डेप्युटी आणि वाइस या तिघांनाही पुष्कळ ठिकाणी ‘उप’ हाच पर्याय आला. वाइस म्हणजे ‘च्या जागी’, डेप्युटी म्हणजे नेमून दिलेला आणि सब म्हणजे खालचा. या तीन नात्यांचे एकच नाते झाले. उपराष्ट्रपती, उपजिल्हाधिकारी, पोलीस उपनिरीक्षक या तिघांत ‘उप’ एकच, पण इंग्रजीत तिघांचे उपसर्ग तीन. सचिवालयात तर शिडीच्या पायऱ्या अधिक होत्या. डेप्युटी सेक्रेटरीला ‘उपसचिव’ दिल्यावर त्याच्या खालच्या अंडर सेक्रेटरीसाठी ‘उप’ उरला नाही. म्हणून ‘अवर सचिव’ आला. जॉइंट सेक्रेटरीला मराठीने ‘सह’ दिला, हिंदीने ‘संयुक्त’. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत आम्हां लिपिकांच्याही वाट्याला हिंदीतून ‘अवर श्रेणी’ आणि ‘प्रवर श्रेणी’ हे शब्द आले. प्रस्तुत लेखकाने नोकरीची पहिली वर्षे ‘अवर’ म्हणून काढली आहेत आणि अवर म्हणजे सरळसरळ खालचा, यात अर्थाची कसलीही पळवाट नाही, हे तो अनुभवाने सांगू शकतो.

या सरसकटीकरणातून जे निसटले ते मात्र पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात सब-रजिस्ट्रार आजही ‘दुय्यम निबंधक’ आहे. पेशवाईतला फारसी शब्द संस्कृत निबंधकाशी सुखाने नांदतो. बंगळुरात त्याच कचेरीवर ‘उप नोंदणाधिकारी’ अशा अर्थाची कानडी पाटी असते. त्यातील ‘नोंदणी’ आपल्याला ओळखीची वाटते. नायब तहसीलदाराला कोणी हात लावला नाही. कर्नाटक सरकारचा कनिष्ठ कारकून ‘द्वितीय दर्जे सहायक’ आहे, म्हणजे दुय्यमच. आणि या सर्वांवर कळस म्हणजे गावचा ‘उपसरपंच’. संस्कृत ‘उप’, फारसी ‘सर’, पुन्हा संस्कृत ‘पंच’. शब्दशः पाहिले तर पाचांच्या डोक्याच्या जवळचा माणूस. कोणत्याही समितीने हा शब्द एकजिनसी करण्याचा आग्रह धरला नाही हे आपले भाग्य. मराठी राज्यकारभाराची तीन-चार शतके त्या सहा अक्षरांत कोणालाही न टोचता बसली आहेत.

या चर्चेचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारील. माझ्या मते तो असा. घराबाहेर दिवसाचे दहा तास इंग्रजी आणि हिंदी लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मराठीतून प्रथम जातात ते असे बारीक शब्द. मोठी नामे राहतात; त्यांच्यामागचे उपसर्ग गळतात. सहकारी गृहसंस्थेच्या सभेत आपण ‘सब-कमिटी’ म्हणतो, भाडेकराराची चर्चा करताना ‘सब-लेट’ म्हणतो. आणि बंगळुरात वाढलेल्या आपल्या मुलांना पोटभाडेकरू म्हटल्यावर तो पोटभर जेवणारा भाडेकरू असावा असे वाटते. ‘पोट’ गेले म्हणजे केवळ एक प्रतिशब्द जात नाही. भाग हा पूर्णाच्या आत असतो, ही पाहण्याची एक रीत जाते. ‘दुय्यम’ गेला म्हणजे दुसरा असणे आणि खालचा असणे यांतील भेद जातो. भेद दाखविणारे शब्द हाताशी असताना सगळीकडे एकच ‘सब’ किंवा एकच ‘उप’ लावणे हे नाना प्रकारच्या कुलपांना एकच किल्ली लावून पाहण्यासारखे आहे.

उरला प्रश्न मानाचा. अदितीच्या पोटी इंद्राच्या नंतर जन्मला म्हणून वामनाला उपेंद्र हे नाव मिळाले. तो इंद्राचा धाकटा भाऊ. म्हणून पदाने ‘उप’. परंतु बळीकडून गेलेले राज्य परत मिळवून दिले ते या उपानेच आणि त्यासाठी त्याला इंद्रपदाची गरज पडली नाही. ‘उप’ म्हणजे पायाशी पडलेला नव्हे, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. कामाच्या जवळ असलेला तो उप. कागद ज्याच्या हातून जातो, नोंद ज्याच्या अक्षरात होते, अडलेला माणूस ज्याच्या खिडकीशी प्रथम येतो, त्याच्याइतका कामाच्या जवळ दुसरा कोण आहे?

पोटासाठी आपण सारे निरनिराळ्या प्रांतांत पांगलो आहोत. जेथे असू तेथील कचेऱ्यांच्या पाट्या, उतारे आणि करारपत्रे या दृष्टीने एकदा वाचून पाहावीत. तेलुगू, गुजराती, बंगाली, हिंदी या भाषांनी हाताखालच्या माणसाला आणि पूर्णाच्या अंशाला काय म्हटले आहे, त्यात कोठे आपला एखादा जुना शब्द मुक्कामाला राहिला आहे काय, हे टिपून ठेवण्यास फार वेळ लागत नाही. चार नेमणुकांच्या अशा चार वह्या जमल्या तर मराठीच्या कारभारी शब्दांचा एक अध्याय त्यांतून लिहिता येईल. रघुनाथपंतांनाही साधन होते ते एवढेच : परप्रांतातील नोकरी आणि जागा कान.